डावा हात उजवा ठरला!



ऑलिंपिकमधली नेमबाजी म्हटले की दुबईकरांना शेख अहमद बिन हशर अल मक्तूम आठवतात. 2004 साली अथेन्सला त्यांनी संयुक्त अरब अमिरातीला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी. पुढे 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. आज आम्ही तुम्हाला या सर्वांच्या कितीतरी आधीच्या एका नेमबाजाची गोष्ट सांगणार आहोत. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला कसे उभे राहायचे हेच पुन्हा शिकावे लागले.

त्याचे नाव कारोय ताकाच. आडनाव वाचून कुणाला ताकाची आठवण झाली असेल, पण हंगेरीच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आहे विणकर. कारोयचा जन्म 21 जानेवारी 1910 रोजी बुडापेस्टला झाला. मोठा झाल्यावर तो हंगेरीच्या सैन्यात दाखल झाला आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत बघता बघता देशातल्या पहिल्या काही जणांत गणला जाऊ लागला. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक होते. कारोयची तयारी चोख होती, पण तो सार्जंट होता आणि सैन्यातर्फे फक्त वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनाच संघात घेण्याचा नियम होता. त्यामुळे त्याला घरी बसावे लागले. बर्लिननंतर हा नियम रद्द झाला आणि कारोय 1940 च्या ऑलिंपिकची स्वप्ने पाहू लागला.

नेमबाजी म्हणजे फक्त डोळा आणि बोट यांचे काम, असे पुष्कळांना वाटते. खरे तर ती पायांपासून सुरू होते. कुस्तीत पैलवान जसा पवित्रा घेतो, तसाच नेमबाजाचाही पवित्रा असतो. स्पर्धेत पिस्तूल एकाच हातात धरतात. उजव्या हाताचा नेमबाज उजवा खांदा लक्ष्याकडे करून आडवा उभा राहतो. दोन पायांत साधारण खांद्यांइतके अंतर ठेवतो आणि वजन दोन्ही पायांवर सारखे टाकतो. कोपर सरळ, मनगट घट्ट. रिकामा हात लोंबकळू नये म्हणून खिशात किंवा पट्ट्यात अडकवतो.

आता याचे मर्म पाहा. घरातल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असेल, तर त्यावरची एक तारीख निवडा. पाच पावले मागे जाऊन वरीलप्रमाणे उभे राहा. डोळे मिटा, हात उचला, बोट तारखेकडे रोखा आणि मग डोळे उघडा. बोट दुसऱ्याच तारखेवर दिसेल! अशा वेळी हात वळवून बोट जागेवर आणायचा मोह होतो. तसे करायचे नाही. हात तसाच ठेवून मागचा पाय थोडा सरकवायचा. तो उजवीकडे सरकला की नेम डावीकडे वळतो. होडीचा मागचा भाग उजवीकडे ढकलला की तिचे नाक डावीकडे वळते, तसेच. डोळे मिटून पुन्हा पुन्हा करा. डोळे उघडल्यावर बोट आपोआप तारखेवर दिसले, की तुमचा पवित्रा बरोबर जमला.

पण मनगट वळवले तर बिघडते कुठे? आम्ही पडलो संगणक अभियंते, आकडेमोड केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पिस्तुलाच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच असते. या दोन्हींत 22 सेंटिमीटर अंतर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ 1 मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 11 सेंटिमीटर बाजूला जाते. कारोयच्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे दहा गुण हातचे गेलेच. वळवून धरलेले मनगट थकते, आणि चाप ओढताना स्नायू आपल्या मूळ जागेकडे परत जाऊ पाहतात. सर्व घोटाळा तिथेच होतो.

कारोयचा प्रकार तर आणखी कठीण होता. त्याला जलद नेमबाजी म्हणतात. त्यात शेजारी शेजारी पाच लक्ष्ये असतात. आजच्या नियमाप्रमाणे हात खाली ठेवून उभे राहायचे आणि इशारा मिळताच हात उचलून पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. त्यासाठी आधी 8 सेकंद, मग 6 आणि शेवटी फक्त 4 सेकंद मिळतात! पहिल्या लक्ष्यापासून पाचवे 3 मीटर दूर असते. एवढ्या वेळात नुसता हात फिरवून भागत नाही. पायांवर ठाम राहून सारे अंग हळूच वळवावे लागते.

1938 साली सैन्याचा सराव चालू असताना एक सदोष हातबाँब कारोयच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हातावर त्याची सारी भिस्त होती, तो कायमचा निकामी झाला. तो महिनाभर रुग्णालयात होता. बाहेर आल्यावर त्याने कुणालाही न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला.

हे काम डाव्या हातचा मळ मुळीच नव्हते! हात बदलला की पवित्र्यातली प्रत्येक गोष्ट उलटी होते. डावा खांदा लक्ष्याकडे येतो, पुढचा पाय मागे जातो, वजन नव्याने तोलावे लागते. पिस्तुलाची मूठसुद्धा डाव्या पंजाला बसणारी लागते. शिवाय पुष्कळ उजव्या माणसांचा उजवा डोळाच प्रधान असतो. त्यामुळे हात डावा आणि डोळा उजवा असा पेच पडला, तर मान कशी ठेवायची तेही नव्याने ठरवावे लागते. अनेक वर्षे अंगात मुरलेली सवय मोडून दुसरी लावायची, आणि तीही गुपचूप!

1939 च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा भरली. कारोयला तिथे पाहून इतर नेमबाज त्याला सहानुभूती दाखवायला पुढे आले. त्यांना वाटले, बिचारा सामने बघायला आला आहे. कारोयने त्यांना सांगितले की आपण बघायला नव्हे, तर खेळायला आलो आहोत. आणि डाव्या हाताने त्याने ती स्पर्धा जिंकली! त्याच वर्षी जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता.

पण दैवाने पुन्हा हुलकावणी दिली. महायुद्धामुळे 1940 आणि 1944 ही दोन्ही ऑलिंपिके झालीच नाहीत. अखेर 1948 साली लंडनला त्याला संधी मिळाली, तेव्हा तो 38 वर्षांचा होता. अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्या साएन्स वालिएंते याने त्याला इथे कशासाठी आलास असे विचारल्याची गोष्ट सांगतात. शिकायला आलो, असे कारोयने नम्रपणे उत्तर दिले. स्पर्धा संपली तेव्हा कारोयचे 600 पैकी 580 गुण झाले होते. तो नवा विश्वविक्रम होता! वालिएंतेला रौप्यपदक मिळाले. कारोयचे शिक्षण आता पुरे झाले आहे, अशी त्याने खिलाडूपणे कबुली दिली.

1952 साली हेलसिंकीला कारोयने 579 गुण मिळवून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव यांनी कुस्तीचे कांस्यपदक पटकावले, तेही याच हेलसिंकीत. पुढे कारोय प्रशिक्षक झाला. त्याचा शिष्य सिलार्ड कुन याने हेलसिंकीतच फक्त एका गुणाने मागे राहून रौप्यपदक मिळवले होते. सैन्यात कारोय लेफ्टनंट कर्नल पदापर्यंत पोहोचला. 5 जानेवारी 1976 रोजी त्याचे निधन झाले.

आपल्या मराठीत उजवा म्हणजे सरस आणि डावा म्हणजे कमी प्रतीचा. मुलांमध्ये डावे-उजवे करू नये, असे आपण म्हणतो, पण घरात एखादे मूल डावखुरे निघाले की आजी-आजोबांपासून सगळे त्याच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. ऊद मेथाच्या आपल्या वर्गातल्या पालकांना आमची विनंती आहे की तसे करू नका. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहितात, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच फिरतो. अक्षर दिसावे म्हणून ते मनगट वाकडे करते, मग हात दुखतो आणि मराठीचा कंटाळा येतो. अशा वेळी मुलाला रागावू नका. वहीचा वरचा डावा कोपरा उंच राहील अशी ती तिरपी ठेवा, आणि डाव्या बाजूला कोपर मोकळे राहील अशी जागा त्याला द्या. कारोयच्या खेळातला नियम इथेही लागू पडतो. मनगट वाकवण्यापेक्षा बसण्याची आणि उभे राहण्याची रीत बदलावी.

आणि मुलांनो, कालनिर्णयाचा तो प्रयोग आता दुसऱ्या हाताने करून पाहा. पाय कुठे ठेवावे लागले आणि तारीख कितव्या वेळी सापडली, ते वहीत मराठीत लिहून आणा.