गेममधलं हेलिकॉप्टर उतरल्यावर थरथरतं, त्याचं उत्तर २५० वर्षांपूर्वीच्या एका गणितज्ञाकडे आहे

पेणच्या रामवाडीत एसटीचं आगार आहे. तिथे बस येऊन थांबते तेव्हा काय होतं ते आठवा. ब्रेक लागला की ती जरा पुढे झुकते, पाट्यांवर एक-दोन हेलकावे खाते आणि गप्प उभी राहते.

आता कॉम्प्युटरवरचं हेलिकॉप्टर आठवा. अलगद उतरवलं, हात काढून घेतला, तरी ते जागच्या जागी थरथरतं. हळूहळू सरकतं. कधी तर टुणकन उडी मारून उलटतं. आपल्याला वाटतं फोन स्लो आहे किंवा गेम बेकार आहे. पण बऱ्याचदा खरं कारण असतं आकडेमोडीच्या एका जुन्या पद्धतीत, आणि त्या पद्धतीला नाव आहे लिओनार्ड ऑयलरचं.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तेच करावं ही त्यांची इच्छा. पण त्या काळचे मोठे गणिती योहान बर्नुली यांनी या पोराची चुणूक ओळखली आणि वडिलांचं मन वळवलं.

विशीत असताना त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत भाग घेतला. विषय होता जहाजाची डोलकाठी नेमकी कुठे बसवावी. समुद्रच नसलेल्या देशात वाढलेल्या या मुलाला दुसरा क्रमांक मिळाला. समोर नसलेली वस्तू कागदावर चालवून बघायची, हा त्याचा हातखंडा तेव्हापासूनचा. आज सिम्युलेटर तरी दुसरं काय करतो?

१७२७ मध्ये तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला गेला. तिथे संसार थाटला. १३ मुलं झाली, त्यातली ८ लहानपणीच गेली. आजारपणात उजव्या डोळ्याची दृष्टीही जवळपास गेली. १७४१ मध्ये तो बर्लिनला आला आणि २५ वर्षं राहिला. तिथला राजा फ्रेडरिक त्याच्या एका डोळ्यावरून त्याची टिंगल करायचा. ऑयलरने काम थांबवलं नाही.

घन वस्तू हवेत कशी फिरते, याचं गणित त्याने १७६५ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. हेलिकॉप्टरचं नाक किती वर आहे, ते कुठल्या बाजूला कललंय, तोंड कुठल्या दिशेला आहे, हे सांगणाऱ्या तीन कोनांना आजही ऑयलर कोन म्हणतात.

मग १७६८ मध्ये त्याच्या कलनशास्त्रावरच्या ग्रंथाचा पहिला खंड छापून आला. त्यात ती पद्धत होती.

पद्धत अगदी सोपी आहे. समजा, एसटी पेणहून रोह्याला निघाली. तिचा वेग सतत बदलतोय. मग ती कधी कुठे असेल हे कसं काढायचं? वेळेचे छोटे तुकडे करायचे. तुकड्याच्या सुरुवातीला जो वेग आहे, तोच तुकडा संपेपर्यंत राहील असं धरायचं. तेवढं अंतर पुढे जायचं, नवा वेग बघायचा, पुन्हा तेच.

कॉम्प्युटर हेच काम सेकंदाला ६० वेळा किंवा त्याहून जास्त वेळा करतो. हवेत हे छान चालतं. घोळ होतो जमिनीवर.

हेलिकॉप्टरच्या पायांखाली कॉम्प्युटरने एक कडक स्प्रिंग कल्पिलेली असते. दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात पाय जमिनीत किंचित घुसतात. स्प्रिंग जोरात वर ढकलते. खरं तर पाय वर येतील तसा हा जोर कमी व्हायला हवा. पण पद्धत तो पूर्ण तुकडाभर तेवढाच धरते. म्हणून हेलिकॉप्टर गरजेपेक्षा जास्त वर फेकलं जातं. पुढच्या वेळी आणखी खोल घुसतं, आणखी वर जातं. इंजिन बंद असतानाही हिशोबाच्या चुकीतून ऊर्जा तयार होत राहते.

यावर उपाय आहेत. पहिला, तुकडे आणखी लहान करा. तुकडा जितका लहान तितकी चूक कमी, हे ऑयलरने स्वतःच सांगून ठेवलं होतं. दुसरा, आधी नवा वेग काढा आणि त्या नव्या वेगाने पुढची जागा ठरवा. एवढ्याशा बदलाने थरथर बरीच आवरते, आणि या सुधारित पद्धतीलाही ऑयलरचंच नाव आहे. तिसरा, बसच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखा ऊर्जा खाणारा अडसर घाला. आणि हालचाल अगदी नगण्य झाली की हेलिकॉप्टर थांबलं असं जाहीर करून टाका.

हा फक्त गेमचा प्रश्न नाही. जुहूहून उडणारी हेलिकॉप्टर्स अरबी समुद्रातल्या तेलफलाटांवर उतरतात. अशा कामाचा सराव पायलट सिम्युलेटरवर करतात. खरं हेलिकॉप्टरही कधीकधी जमिनीवर जोरात हादरू लागतं आणि काही सेकंदांत मोडू शकतं. तिथे पायलटला लगेच निर्णय घ्यावा लागतो. सिम्युलेटरच खोटा हादरत असेल, तर खरा धोका ओळखायचा कसा?

१७६६ मध्ये ऑयलर पीटर्सबर्गला परतला. लवकरच मोतीबिंदूने दुसरा डोळाही गेला. १७७१ मध्ये घराला आग लागली. अंध ऑयलरला बाझलच्याच एका कारागिराने उचलून बाहेर काढलं. हस्तलिखितंही वाचली. दोन वर्षांनी पत्नी गेली. तरी तो मनात गणितं करायचा आणि मुलं, सहकारी ती लिहून घ्यायचे. त्याच्या नावावरच्या ८००हून अधिक लेखनांपैकी मोठा भाग याच अंधारातल्या वर्षांतला आहे.

१७८३ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंचा फुगा आकाशात गेला. ही बातमी ऐकून ७६ वर्षांच्या ऑयलरने फुगा वर कसा चढेल याचा हिशोब मांडला. १८ सप्टेंबरला तो गेला, तेव्हा ते गणित त्याच्या पाटीवर होतं.

माणूस नुकता कुठे हवेत जायला लागला होता. पुढे तो हेलिकॉप्टर बनवणार होता, मग पडद्यावरचं हेलिकॉप्टरही. ते जमिनीवर स्थिर उभं राहतं, तेव्हा त्यामागे त्याच पद्धतीचा नीट केलेला हिशोब असतो.