वाघाला ओळख देणारा वनाधिकारी

भोपाळच्या वेशीवरील केरवा-कलियासोतच्या रानात वाघांचा वावर आहे. छुप्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे घेऊन, अंगावरचे पट्टे जुळवून त्यांची ओळख पटवली जाते. या पद्धतीची वाट घालून देणाऱ्यांत फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन अग्रणी होत.

१८९३ साली इंग्लंडमध्ये एका कीटकशास्त्रज्ञाच्या घरी जन्मलेले चॅम्पियन पहिल्या महायुद्धानंतर संयुक्त प्रांतात वनाधिकारी झाले. वाघाची शिकार प्रतिष्ठेची मानली जाण्याच्या त्या काळात त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. वाघाच्या वाटेवर ते तार ताणत. तिला पाय लागताच मॅग्नेशियमचा लख्ख उजेड पडे आणि वाघाची छबी टिपली जाई. १९२५ मध्ये ही छायाचित्रे लंडनच्या साप्ताहिकात झळकली, १९२७ मध्ये पुस्तक आले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, हे त्यांनी हेरले. जिम कॉर्बेट यांनाही छायाचित्रणाची प्रेरणा त्यांच्याकडूनच मिळाली. १९७० मध्ये चॅम्पियन निवर्तले.

सत्तरी तालुक्यात २०२० मध्ये चार वाघ मृतावस्थेत सापडले, ही सल गोमंतकाच्या मनात आहे. ओळख नसलेला वाघ गुपचूप नाहीसा होऊ शकतो. ओळख असलेल्याची मात्र विचारपूस होते. चॅम्पियन यांचे ऋण आहे ते याचसाठी.