कॅन्ससचा जॉन ब्राऊन

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, हे आपण ऐकलेलं असतं. पण मित्रांनो, ते लोक होते कोण? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भेटला तो फक्त लिंकन. मी बरंच नंतर जॉन ब्राऊनबद्दल वाचलं, आणि हा माणूस मला अजून पचलेला नाही.

जन्म १८०० चा, कनेक्टिकटमधला. आधी कातडी कमावण्याचा धंदा, मग लोकरीचा. १८४२ मध्ये पार दिवाळं निघालं. मुलं वीस! (बरीच लहानपणीच गेली.) कमालीचा धार्मिक. गुलामगिरी हे पाप आणि पापाशी तडजोड नाही, एवढं एकच डोक्यात.

कॅन्ससच्या नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही, हे १८५४ च्या कायद्याने तिथे राहणाऱ्यांच्या मतांवर सोडलं. मग काय, शेजारच्या मिसूरीतून टोळ्या यायच्या आणि बोगस मतदान करून जायच्या. ब्राऊनची मुलं तिथे आधीच गेली होती, १८५५ मध्ये तोही पोचला. २४ मे १८५६ च्या रात्री त्याच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून बाहेर काढून तलवारींनी मारलं. त्या पाचांकडे स्वतःचा एकही गुलाम नव्हता. इथे मला त्याची बाजू घेता येत नाही.

पण डिसेंबर १८५८ मध्ये जिम डॅनियल्स नावाचा गुलाम मिसूरीतून मदत मागायला आला. त्याचं कुटुंब विकलं जाणार होतं. ब्राऊनने हद्द ओलांडून अकरा जणांना सोडवलं. त्यात एक मालक मारला गेला. ऐन थंडीत नेब्रास्का, आयोवा पार करत, पुढे रेल्वेने शिकागो, डेट्रॉइट, आणि मार्च १८५९ मध्ये सगळे कॅनडात सुखरूप! वाटेत एक बाळ जन्मलं, त्याचं नाव ठेवलं जॉन ब्राऊन.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला २१ साथीदार घेऊन त्याने हार्पर्स फेरीचं सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतलं. हत्यारं गुलामांना द्यायची, एवढाच बेत. निसटायचं कसं, याचा पत्ता नाही. त्या रात्री पहिली गोळी लागून मेला तो हेवर्ड शेफर्ड, रेल्वे स्टेशनवर काम करणारा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय. दोन दिवसांच्या आत ब्राऊन पकडला गेला आणि २ डिसेंबरला फासावर गेला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली.

कॅन्ससच्या विधानभवनात त्याचं भिंतभर चित्र आहे, एका हातात बायबल, दुसऱ्यात बंदूक. मला विचाराल तर त्या भिंतीवर कॅनडाला निघालेल्या त्या गाड्या काढायला हव्या होत्या.