शेठ वालचंद हिराचंद आणि १९२३ चा करार

सोलापूरच्या दिगंबर जैन समाजातील दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचे भारतातील प्रवर्तक म्हणून सर्वांस परिचित आहेत. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी घेतलेली रेल्वेची कंत्राटे, वालचंदनगरचा साखर कारखाना याविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या जीवनातील एक कडू प्रकरण मात्र गौरवलेखांत सहसा येत नाही.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. शेठ नरोत्तम मोरारजी, शेठ किलाचंद देवचंद व सर लल्लूभाई सामळदास हे या धाडसातील सहकारी. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने लगेच भाडेयुद्ध पुकारले. रंगूनहून येणाऱ्या तांदळाचे भाडे इतके पाडले गेले की प्रत्येक फेरी तोट्याची ठरावी. याच मार्गाने पूर्वी जमशेटजी टाटांची जहाजसेवा बंद पडली होती आणि तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्ले यांची स्वदेशी कंपनी १९११ मध्ये बुडाली होती.

अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्याच्या अटी जाचक होत्या. सिंदियाने भारत, ब्रह्मदेश व सिलोनच्या किनाऱ्यापलीकडे जाऊ नये, उतारू नेऊ नयेत, जहाजांचे एकूण टनेज ७५,००० च्या वर नेऊ नये. ज्या लंडनच्या वाटेवर पहिली बोट गेली, तीच वाट बंद झाली! वालचंदांना हा करार मनापासून कधीच रुचला नाही. तरीही कंपनी त्यांनी सोडली नाही. भाडेयुद्ध थांबले, भागधारकांचे भांडवल वाचले आणि भारतीय मालकीची जहाजे किनाऱ्यावर फिरत राहिली. कोणी यात अनेकान्तदृष्टी पाहील. प्रस्तुत लेखकास मात्र तो पेढीवर मुरलेल्या माणसाचा रोकडा हिशेब वाटतो. जी कंपनी उरतच नाही, ती पुढे काय मागणार?

मागणी मात्र त्यांनी थांबविली नाही. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, त्यामागे शेठजींचे बळ होते. ते विधेयक संमत झाले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम शेठ अपघातात निवर्तले व अध्यक्षपदाची धुरा वालचंदांवर आली. पुढे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

१९५० मध्ये प्रकृती ढासळल्याने शेठजी निवृत्त झाले. किनारी वाहतूक पूर्णपणे भारतीय जहाजांकडे आली ती त्याच सुमारास. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.