मुंबईचा धूर कमी करायला मुळशी बुडवलं, तेव्हा सेनापती बापट आडवे आले होते

देहूरोडहून जुन्या हायवेनं लोणावळ्याला निघालात की गावात शिरताना वळवणचं धरण लागतं. आज तिथं फोटो काढायला गर्दी असते, पण टाटांनी हे धरण बांधलं ते विजेसाठी.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. १९१५ ला लोणावळ्याचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज तयार झाली आणि गिरण्यांना कोळशाला पर्याय मिळाला. मग हीच आयडिया शेजारच्या मुळशी खोऱ्यात न्यायचं ठरलं.

तिथं आडवे आले पांडुरंग महादेव बापट.

जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेरचा. डेक्कन कॉलेजात शिकले, स्कॉलरशिपवर एडिनबर्गला इंजिनिअरिंग शिकायला गेले. म्हणजे या माणसाला यंत्रांचं वावडं नव्हतं. तिकडं ते क्रांतिकारकांत सामील झाले आणि १९०८ ला बॉम्बचं तंत्र घेऊन परतले. पुढं अटक झाली, १९१५ ला सुटले.

मुळशीत धरण झालं तर पन्नासच्या आसपास गावं आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांना न विचारता शेतात चर खणले गेले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. बापट त्याचे सेनापती झाले आणि ती ओळख कायमची चिकटली.

पण कागदावर जमिनी नावावर असलेल्या अनेक सावकारांनी मोबदला घ्यायचं ठरवलं. कसणारा कुळवाडी एकटा पडला. बापटांनी तुरुंगाच्या वाऱ्या केल्या. शेवटी १९२४ ला त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ ला सुटले, तोवर धरण उभं राहिलं होतं. १९२७ लाच भिरा इथं वीज सुरू झाली होती.

आता मुद्द्याचं. आज मोठा प्रकल्प आला की आधी त्याच्या परिणामांची यादी करतात. मग क्रम लावताना तीन गोष्टी बघतात: फटका किती लोकांना, किती काळ, आणि नुकसान भरून निघेल का?

मुळशीला हे लावून बघा. कोळशाचा धूर कमी झाला, हा फायदा खरा होता. पण तो मिळाला मुंबईला. बुडालेली खाचरं परत येणार नव्हती आणि हा तोटा आला मावळ्यांच्या वाट्याला. तेव्हाच्या हिशोबात मोबदल्याचे पैसे होते, पण खोरं कायमचं जाणार, ही नोंद पहिल्या क्रमांकावर कुणी धरली नाही.

भारतात पर्यावरण परिणामांचा अभ्यास १९९४ ला बंधनकारक झाला. २००६ च्या अधिसूचनेनं त्याची आणि जनसुनावणीची पद्धत नव्यानं ठरवली. भूसंपादनाआधी सामाजिक परिणाम तपासायचा कायदा यायला २०१३ उजाडलं. बापट १९६७ लाच गेले होते.

पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. पण त्यांची खरी आठवण काढायची असेल, तर आपल्या भागात जनसुनावणीची नोटीस लागेल तेव्हा जाऊन बसा आणि विचारा, यादीत पहिला नंबर कुणाच्या नुकसानीचा आहे?