घरी शिकून कॉलेजात गेलेली आनंदीबाई



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हा सातवीच्या मुलांना थोर व्यक्तींच्या नावाच्या चिठ्ठ्या उचलायला लावल्या. कोणाला गाडगेबाबा निघाले, कोणाला सावित्रीबाई फुले. माझ्या चिठ्ठीत निघाल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. खरं सांगते, मी आधी हिरमुसले. कारण मला त्यांची एका ओळीचीच माहिती होती. त्या एका ओळीची दोन पानं कशी करायची? पण मग शाळेच्या कपाटातली पुस्तकं काढली, बाईंना विचारून विचारून भंडावून सोडलं, तेव्हा कळलं की आनंदीबाईंची गोष्ट आमच्या घरातल्या गोष्टीच्या फार जवळची आहे. कशी, ते शेवटी सांगते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. माहेर कल्याणचे जोशी. त्या काळी मुलींना शिकवायचं म्हणजे लोकांना पाप वाटायचं. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात करून (१८४८) बरीच वर्षं झाली होती, पण घरोघरी तो विचार पोचला नव्हता. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचं लग्न. तसंच यमूचंही झालं. ती नऊ वर्षांची आणि नवरदेव गोपाळराव जोशी तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, बिजवर. ते पोस्टात नोकरीला होते. आपल्या वर्गातल्या चौथीच्या मुली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल की यमू केवढीशी होती!

पण या लग्नात एक गोष्ट वेगळी होती. गोपाळरावांची अट होती की, मी मुलीला शिकवीन, त्याला कोणी आडकाठी करायची नाही. त्यांना हुंडा-मानपानापेक्षा शिकणारी बायको पाहिजे होती. लग्नात यमूचं नाव आनंदी झालं आणि लग्नानंतर तिची शाळा सुरू झाली. ही शाळा कुठे होती? तर घरातच! ना घंटा, ना हजेरी, ना मधली सुट्टी. मास्तर एक आणि विद्यार्थिनी एक.

गोपाळरावांची बदली जिथं होईल तिथं ही शाळा जायची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छातलं भूज, मग कलकत्ता आणि त्याच्याजवळचं श्रीरामपूर. मुंबईत आनंदीबाई काही दिवस मिशनच्या शाळेतही गेल्या, पण बाकी बहुतेक शिक्षण घरचंच. मराठी झालं, संस्कृत झालं, मग इंग्रजी.

आता मी गोड गोडच सांगितलं तर ते खोटं होईल. गोपाळराव फार तापट होते. अभ्यास सोडून स्वयंपाकात रमलेलं त्यांना खपत नसे. मारही पडायचा. पुढे अमेरिकेत गेल्यावर आनंदीबाईंनी पत्रातून त्यांना या माराची स्पष्ट आठवण करून दिली होती. बाई म्हणाल्या की, हे पण लिही. थोर माणसांचंही सगळंच बरोबर असतं असं नाही, आणि मारल्याशिवाय शिकता येत नाही असं कोणी या गोष्टीवरून समजू नये.

बाहेर लोकांचा त्रास वेगळाच. नवऱ्याबरोबर रस्त्यानं फिरायला निघाली, हातात पुस्तक घेतलं, पायात जोडे घातले, एवढ्यावरून लोक टोमणे मारायचे. पण घरातल्या शाळेला सुट्टी मिळाली नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना बाळ झालं. मुलगा होता. तो दहाच दिवस जगला. बाळाला वेळेवर चांगली औषधं मिळाली नाहीत. त्या काळी बायकांना पुरुष डॉक्टरसमोर जायची लाज वाटायची आणि बाई डॉक्टर तर कुठेच नसायची. कितीतरी बाया दुखणं अंगावर काढून मरून जायच्या. आनंदीबाईंच्या मनात तेव्हापासून बसलं की, आपण डॉक्टर व्हायचं. मित्रांनो, चौदाव्या वर्षी आपण काय करतो? आपण आठवी-नववीत असतो!

गोपाळरावांनी कोल्हापुरातून एका मिशनऱ्यांना पत्र पाठवलं की, माझ्या बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे, मदत करा. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायची वाट पाहताना त्यांनी ते मासिक उघडलं आणि हे पत्र वाचलं. ओळख ना पाळख, पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. इकडून उत्तर गेलं. असं करता करता दोघींची इतकी माया जमली की, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्या पत्रांतून आनंदीबाईंचं इंग्रजीही पक्कं झालं असेल, असं मला वाटतं.

अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा आपल्याच लोकांनी गिल्ला केला. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, अशी समजूत होती. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाषण दिलं, तेही इंग्रजीत. मी का जाते, इथंच का शिकत नाही, एकटी का जाते, सगळ्या प्रश्नांना एकेक करून उत्तर दिलं. सांगितलं की, मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन आणि आपल्या देशातल्या बायकांची सेवा करीन. वय किती? अठरासुद्धा पुरं नव्हतं. आपल्याला प्रार्थनेच्या वेळी सुविचार सांगायचा म्हटलं तरी पाय थरथरतात!

गोपाळरावांना रजा मिळेना. पैसेही दोघांपुरते नव्हते. आनंदीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, काही भल्या लोकांनी वर्गणी दिली, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी त्या सिटी ऑफ कलकत्ता या बोटीनं निघाल्या. बरोबर ओळखीच्या मिशनरी बाया होत्या, पण घरचं कोणी नाही. आपल्याला तळेगावहून एसटीनं नागपूरला जायचं म्हटलं तर माय दोनदा बजावते की, नीट जाजो, उतरल्यावर फोन करजो. त्या जवळपास दोन महिने पाण्यावर होत्या. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटर मावशी त्यांना उतरवून घ्यायला आल्या होत्या.

आता मुख्य गोष्ट आली, ती म्हणजे कॉलेजातला प्रवेश. फिलाडेल्फिया शहरात बायकांसाठी वैद्यकीय कॉलेज होतं. ते १८५० साली सुरू झालं होतं. तिथल्या मुख्य होत्या रेचल बॉडली. आनंदीबाईंजवळ दाखला काय होता? आपल्यासारखी प्रगतिपुस्तकं नव्हती, टी. सी. नव्हती, कोणत्या परीक्षेत इतके टक्के असं काही नव्हतं. त्यांनी अर्ज म्हणून एक पत्र लिहिलं. त्यात आपण आजपर्यंत काय काय शिकलो ते सरळ सांगितलं आणि कशासाठी शिकायचं आहे तेही सांगितलं की, माझ्या देशातल्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला डॉक्टर व्हायचं आहे. तेवढ्यावर कॉलेजनं त्यांना घेतलं. घरी शिकलेली मुलगी थेट कॉलेजात! हे वाचताना मला फार आनंद झाला.

कॉलेजात गेल्यावर सोपं नव्हतं. तिथं थंडी कडाक्याची. आनंदीबाई लुगडं नेसायच्या, मांसाहार करायच्या नाहीत, आपलं आपण रांधून खायच्या. राहायच्या खोलीतली शेगडी नीट पेटायची नाही, खोलीभर धूर व्हायचा. तब्येत मुळातच नाजूक, डोकं दुखायचं, ताप यायचा. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. घरी एकटीनं शिकणाऱ्याला वर्गात बसायची सवय नसते. पण पुस्तक आपलं आपण वाचून समजून घ्यायची सवय असते, ती त्यांच्या कामी आली असणार.

त्यांच्या कॉलेजात जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली याही शिकायला आल्या होत्या. या तिघींचा १८८५ सालचा एकत्र फोटो आहे. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. बाईंनी मला तो दाखवला. आनंदीबाई त्यात साडीत आहेत आणि कॅमेऱ्याकडे अगदी न घाबरता पाहत आहेत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. प्राचीन हिंदूंच्या काळी बाळंतपणाचं शास्त्र कसं होतं, यावर त्यांनी आपला प्रबंध लिहिला होता. समारंभाला गोपाळराव होते आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईसुद्धा लहानपणी कोणत्या शाळेत गेल्या नव्हत्या, बरं का! त्यांना संस्कृत शिकवलं आईवडिलांनी, आणि पुढे इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि तिथल्या मुलींना संस्कृत शिकवलंही. अशा घरी शिकलेल्या दोन मराठी बाया त्या दिवशी त्या परक्या गावात एका ठिकाणी होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनाही डॉक्टरकीची पदवी मिळाली.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. पण शरीर खंगलं होतं. क्षयानं गाठलं होतं. १८८६ च्या शेवटी त्या परत आल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. कोल्हापूरचं काम हाती घेताच आलं नाही. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेत पाठवली गेली. पोकिप्सी या गावी मावशींच्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.

इथं माझी आजी म्हणाली की, अगं मग एवढं शिकून का झालं? एकाही बाईला औषध देता नाही आलं बिचारीले. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. मग बाईंनी रखमाबाईंचं सांगितलं. रखमाबाईंचंही लहानपणीच लग्न झालं होतं. त्याही घरी बसून, वाचनालयातली पुस्तकं आणून शिकल्या. पुढे लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथं कितीतरी वर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. म्हणजे रस्ता बंद झाला नाही. आज आपल्या गावची बाई दवाखान्यात जाते तेव्हा समोर डॉक्टरीण बसलेली असते, यात आपल्याला नवल वाटत नाही. आनंदीबाईंच्या वेळी ते नवल होतं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. माझी ताई नववी पास झाली आणि तिची शाळा सुटली. माय कंबरेच्या दुखण्यानं पडून होती, बाबा दुसऱ्यांच्या वावरात आणि संत्र्याच्या बागेत मजुरीला जातात, लहान भाऊ अंगणवाडीत. घर पाहायला कोणी पाहिजे होतं. ताई काही बोलली नाही, पण तिनं दप्तर पेटीत ठेवलं आणि त्यावर पांघरुणं रचून दिली. तिच्या मैत्रिणी सकाळी शाळेत जायच्या तेव्हा ती दारात यायची नाही.

मी हा लेख लिहीत होते तेव्हा रोज रात्री ताईला वाचून दाखवायची. घरी शिकली आणि कॉलेजात गेली, या ठिकाणी आलो की ती पुन्हा वाच म्हणायची. मी बाईंना विचारलं की, आताच्या काळी असं होते का? बाईंनी सांगितलं की, शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसता येतं, आणि पास झालं की पुढे अकरावीलाही जाता येतं. हे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं! बाबा दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मजुरी पाडून ते ताईचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेले.

आता फॉर्म भरला आहे. माय बरीच सावरली आहे, भाकरी तीच करते. भांडी मी घासते. ताई रात्री जेवणं झाली की अभ्यासाला बसून राहते. गणित तिला जड जाते, म्हणून बाई रविवारी शिकवतात. ताई पास होईल की नाही हे मला सांगता येत नाही. पण पेटीवरची पांघरुणं आता खाली आहेत. पास झाली तर तिला आर्वीला कॉलेजात जायचं आहे. बाबा म्हणतात, आधी पास तर होऊ दे. पण त्यांनी आर्वीच्या बसची वेळ विचारून ठेवली आहे, हे मला माहीत आहे.

काका-काकूंनो, तुमच्या घरी किंवा शेजारी अशी कोणी ताई असेल, किंवा दादा असेल, तर त्याला हे सांगा. फॉर्मची माहिती आमच्या बाईंकडे मिळेल. आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी कोणी रात्री अभ्यास करत असेल तर टीव्हीचा आवाज तेवढा कमी करा.



– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी, जिल्हा परिषद शाळा, तळेगाव (श्यामजी पंत)