लव्हाझिये आणि त्याचा तराजू

आमच्या वाणगावी चुलीत लाकडांचा भारा जळतो आणि मागे उरते ती ओंजळभर राख. उलट, खाऱ्या वाऱ्यात गंजलेला विळा, गंज न झाडता तोलला, तर अधिक भरतो. मग एके ठिकाणी द्रव्य नाहीसे झाले आणि दुसरीकडे नव्याने उपजले काय?

हे कोडे अँत्वान लव्हाझिये याने तराजू हाती घेऊन सोडविले. त्याचा जन्म १७४३ साली पॅरिस येथे झाला. शिक्षण कायद्याचे, पण मन रमले रसायनशास्त्रात. १७७४ साली त्याने बंद काचपात्रात कथील तापविले. कथिलाचे भस्म झाले, तरी पात्राचे वजन बदलले नाही. तोंड उघडताच बाहेरची हवा आत शिरली व वजन वाढले! कथिलाने आतील हवेचाच अंश घेतला होता. पुढे त्या वायूस त्याने ऑक्सिजन हे नाव दिले. विळ्यावरील गंजातही तोच वायू असतो. आणि लाकडाचे उरलेले द्रव्य धुरावाटे हवेत जाते.

आम्ही वर्गात समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवितो, त्याचे मूळ हेच. ४ ग्रॅम हायड्रोजन व ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांचे ३६ ग्रॅमच पाणी होते.

लव्हाझिये राजाचा कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांपैकी एक होता. त्यापायी राज्यक्रांतीत ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. सृष्टीचा हिशेब चोख मांडणाऱ्याच्या वाट्यास असा अंत यावा, याचे आम्हांस वाईट वाटते. पण त्याचा तराजू आजही प्रत्येक प्रयोगशाळेत न्याय करीत आहे.